बटणे दाबून संगणक कसा बंद करावा

आता संगणक कुठे नाही? बँकेत आहे, दवाखान्यात आहे, तहसील कचेरीत आहे. सोलापुरात चादरी-टॉवेलचे कारखाने आहेत, त्यांच्या कचेरीतही तो येऊन बसला आहे. विड्या वळणाऱ्या कित्येक आया आपल्या मुलींना संगणकाच्या क्लासला धाडतात. तुमच्यापैकी काही जण तर स्वतःच आता त्याच्यापुढे बसतात.

संगणक सुरू करणे सोपे. एक बटण दाबले की झाले. बंद करणे मात्र शिकावे लागते. बहुतेक लोक माऊस फिरवून तो बंद करतात. पण माऊस ही नाजूक वस्तू. त्याची वायर तुटते. बिनवायरीचा असला तर त्यातला सेल संपतो. मग पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. अशा वेळी पुष्कळ जण सरळ भिंतीवरचे बटण बंद करतात. तसे करू नये. का करू नये, ते आधी पाहू.

संगणकाजवळ एक पाटी असते आणि एक वही असते, असे समजा. आपण जे काम करत असतो ते पाटीवर चाललेले असते. वीज गेली की पाटी कोरी होते. वहीत उतरवलेले मात्र वीज गेली तरी राहते. पाटीवरचे वहीत उतरवणे, यालाच ‘सेव्ह करणे’ म्हणतात. संगणक रीतसर बंद केला, तर तो आपली राहिलेली नोंद पुरी करतो, वही मिटतो आणि मग झोपी जातो. मध्येच वीज तोडली, तर लिहिता लिहिता पान फाटल्यासारखे होते. एखादे वेळी दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होत नाही.

मागाचे बरे असते. चालत्या मागाची वीज गेली, तर धोटा ताण्यात अडकेल, चार तारा तुटतील. पण विणलेले कापड काही उसवत नाही. इथे विणलेलेच नाहीसे होते!

एका कारखान्यात घडलेली गोष्ट सांगतो. शनिवारची संध्याकाळ होती. कारकून आठवड्याचा पगार मांडत होता. कोणी किती चादरी विणल्या, कोणाची उचल किती, सगळे पडद्यावर होते. सकाळपासून मांडलेले, पण एकदाही सेव्ह केलेले नाही. तेवढ्यात माऊस अडला. बाहेर कामगार उभे, आतून मालकाच्या हाका. कारकुनाने घाईघाईने प्लग ओढला. संगणक परत सुरू केला तेव्हा पगारपत्रक कोरे! मग कामगारांच्या खिशातल्या चिठ्ठ्या गोळा करून हिशेब पुन्हा मांडावा लागला. कांड्या भरणाऱ्या एका बाईची चिठ्ठी हरवली होती. तिच्या दोन दिवसांच्या मजुरीचा वाद तीन आठवडे चालला. ज्याच्या घरी शनिवारच्या पैशावर रविवारचे पीठ येते, त्याला या वादाची किंमत विचारा.

म्हणून पहिले काम सेव्ह करण्याचे. कीबोर्डच्या खालच्या रांगेत डाव्या कोपऱ्याकडे ‘कंट्रोल’ नावाचे बटण आहे. ते दाबून धरा आणि इंग्रजी ‘एस’ दाबा. एस म्हणजे नागमोडी अक्षर. कामाला अजून नाव दिलेले नसेल, तर संगणक नाव विचारतो. नाव लिहावे आणि ‘एंटर’ दाबावे. एंटर हे उजव्या बाजूचे मोठे बटण.

आता बंद करण्याची रीत. खालच्याच रांगेत डावीकडे खिडकीचे चित्र असलेले एक बटण दिसेल. त्याला खिडकीचे बटण म्हणू. ते दाबून धरा आणि ‘डी’ दाबा. पडद्यावरची सगळी कामे बाजूला सरतात आणि मोकळा पडदा दिसतो. मग ‘आल्ट’ हे बटण दाबून धरा आणि सगळ्यांत वरच्या रांगेतले ‘एफ चार’ दाबा. बोट आल्टवरून आधी उचलू नका बरे का! लहान लॅपटॉपवर कधी कधी ‘एफ एन’ नावाचे बटणही सोबत दाबावे लागते. मग एक छोटी चौकट उघडते. तीत बहुधा ‘शट डाऊन’ असे लिहिलेले असते. शट डाऊन म्हणजे बंद कर. दुसरेच काही लिहिलेले दिसले, तर वरखाली जाणाऱ्या बाणांची बटणे दाबून शट डाऊन आणावे. वाचावे, खात्री करावी, मगच एंटर दाबावे. विचार बदलला, तर डाव्या वरच्या कोपऱ्यातले ‘एस्केप’ दाबावे. चौकट निघून जाते.

मोकळा पडदा न आणताच आल्ट आणि एफ चार दाबले, तर समोरचे कामच बंद होते, संगणक नव्हे. सेव्ह करू का, असेही तो विचारतो. तेव्हा घाबरू नये, वाचून उत्तर द्यावे.

याहून झटपट रीतही आहे. विंडोज 10 किंवा विंडोज 11 असलेल्या संगणकावर खिडकीचे बटण धरून ‘एक्स’ दाबावे. एक्स म्हणजे फुली. एक यादी उघडते. मग नालेच्या आकाराचे ‘यू’ दाबावे, आणि पुन्हा एकदा यू. की लागला संगणक बंद व्हायला! पडद्यावरची भाषा इंग्रजी असेल तरच ही अक्षरे चालतात. या रीतीत संगणक पुन्हा विचारत बसत नाही, म्हणून सेव्ह आधी झालेले हवे. वीज गेल्यावर यूपीएस टूँ टूँ वाजू लागतो आणि हाताशी थोडीच मिनिटे असतात, तेव्हा मला हीच रीत पसंत आहे.

त्या यादीत ‘स्लीप’ हा शब्दही असतो. स्लीप म्हणजे नुसती डुलकी. पाटी तशीच भरलेली राहते. डुलकीत असताना वीज गेली, तर सेव्ह न केलेले सगळे गेले.

कधी कधी माऊस चांगला असतो, पण समोरचे कामच दगडासारखे थिजते. तेव्हा कंट्रोल, आल्ट आणि ‘डिलीट’ ही तीन बटणे एकदम दाबावी. वेगळा पडदा येतो. ‘टॅब’ हे बटण पुन्हा पुन्हा दाबत जावे. उजवीकडे खाली गोल आणि त्यात उभी रेघ असे चिन्ह आहे, त्याभोवती चौकट आली की थांबावे. एंटर दाबावे, बाणाने शट डाऊन निवडावे, पुन्हा एंटर.

या तीन बटणांचे आपल्या चादरीशी लांबचे नाते आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डने उठते, हे विणकरांना सांगायला नको. जॅकार्ड हा फ्रान्समधला माणूस. त्याचा माग 1804 सालचा. त्यात भोके पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते असतात. भोक असेल तिथली तार उचलली जाते, नसेल तिथली राहते. अमेरिकेत हॉलरिथ नावाच्या माणसाने भोकांच्या पत्त्यांनीच 1890 ची शिरगणती मोजली. त्याचा धंदा ज्या कंपनीत मिसळला, तिला 1924 साली आयबीएम हे नाव पडले. त्याच कंपनीने 1981 साली आपला छोटा संगणक विकायला काढला, आणि ही तीन बटणे डेव्हिड ब्रॅडली या तिच्याच इंजिनियरने त्यासाठी योजली. एका हाताने चुकून दाबली जाऊ नयेत, अशी मुद्दाम लांब लांबची बटणे घेतली. त्या वेळी ती दाबताच संगणक नव्याने सुरू होई. आता तसे होत नाही.

माऊसशिवाय काम करणे म्हणजे काही अडलेल्याचीच सोय नव्हे. ज्यांना दिसत नाही अशी माणसे सारे काम कीबोर्डवरच करतात. ‘एनव्हीडीए’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम पडद्यावरचे त्यांना वाचून दाखवतो.

हे सर्व करूनही संगणक हलला नाही, तर शेवटचा उपाय म्हणून सुरू करण्याचेच बटण काही सेकंद दाबून धरावे. पाटीवरचे जाईल, हे जाणून दाबावे. आणि ‘अपडेट’ चालू आहे असे पडद्यावर दिसले, तर तो किती का वेळ घेईना, बटणाला हात लावू नये. पडदा काळा झाला, यंत्राचा दिवा विझला, की मग यूपीएस बंद करावा आणि शेवटी भिंतीवरचे बटण.

सराव : 1. कीबोर्डवर कंट्रोल, आल्ट, खिडकी, टॅब, एंटर व एस्केप ही बटणे शोधा आणि कागदावर त्यांच्या जागा काढा. 2. आपले नाव लिहून सेव्ह करा. 3. माऊस बाजूला ठेवा आणि संगणक दोन रीतींनी बंद करून पाहा. कोणती सोपी वाटली, ते शेजाऱ्याला सांगा.