माघार कोण ठरवणार?

जाहिरातीत 'इझी टू मॉडरेट' असं लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. अंधारबनाची वाट अवघड नाही. मुळशी तालुक्यातल्या पिंपरीहून निघायचं, कुंडलिकेच्या दरीच्या काठाने दाट जंगलातून हिरडी गावापर्यंत यायचं, तिथे जेवायचं आणि मग खाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरायचं. चाल 13-14 किलोमीटर, बरीचशी सपाटीची आणि उताराची. रोज ठाण्याहून परळला लोकलने जाणाऱ्या माझ्यासारख्या सत्तेचाळिशीतल्या बाईलाही झेपेल अशी. म्हणून तर माझ्या 19 वर्षांच्या भाचीने ती निवडली. माणशी 1,400 रुपये. त्यात बस, नाश्ता, जेवण आणि 'अनुभवी लीडर'.

जाहिरातीत नसलेली आणि मीही न विचारलेली गोष्ट अशी की, या वाटेची दोन टोकं वेगळी आहेत. बस आपल्याला पिंपरीला सोडते, ताम्हिणी घाट उतरून भिऱ्याला जाते आणि तिथे वाट पाहते. शिवनेरी किंवा लोहगडावर गेलो आणि पाऊस वाढला, तर आल्या वाटेने खाली येऊन गाडीत बसता येतं. अंधारबनात मागे वळलं तर मागे गाडीच नसते. त्यामुळे ज्याच्या हातात निर्णय असतो, त्याला पुढे जायचाच मोह होतो. आम्ही या मोहात सापडलो होतो, हे मला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. शनिवारी रात्री 11 ला ठाण्याहून बस निघाली. दोन वाजेपर्यंत गाणी चालली, त्यामुळे झोप कुणाचीच झाली नाही. पहाटे पाचला पिंपरीत पोहोचलो. एका घराच्या पडवीत चहा-पोहे झाले. साडेसहाला निघायचं ठरलं होतं, पण पुण्याहून त्याच आयोजकांची दुसरी गाडी यायची होती. ती आली आठनंतर. निघालो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. माणसं 54 आणि लीडर दोन. दोघेही विशीतले, बोलायला गोड आणि मनाने चांगले. त्यातल्या एकाने ही वाट आधी एकदा केली होती, दुसऱ्याने एकदाही नाही. हे त्यानेच मला चालता चालता सांगितलं. गावातला वाटाड्या सोबत घेतलेला नव्हता.

हवामान खात्याचा त्या दिवशी पुण्याच्या घाटमाथ्यासाठी ऑरेंज अलर्ट होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने तो टाकलाही होता. त्यावर आयोजकांचं उत्तर आलं, "पावसाळी ट्रेक आहे, पाऊस तर हवाच ना!" आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मीही त्यात एक टाकला होता.

ऑरेंज अलर्ट म्हणजे काय, हे मी परतल्यावर समजून घेतलं. 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर पावसाला हवामान खातं 'अति मुसळधार' म्हणतं आणि ढोबळमानाने त्या शक्यतेसाठी ऑरेंज इशारा देतं. ठाण्यात एवढा पाऊस पडला की लोकल बंद पडतात. ताम्हिणीत तो डोंगरउतारावर पडतो आणि सगळा घळींतून, ओढ्यांतून दरीकडे धावतो. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत 24 तासांत 550 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. पुणे शहराच्या वर्षभराच्या पावसाच्या निम्म्याहून अधिक पाऊस एका दिवसात. शहरातल्या पावसाच्या अंदाजाने घाटातल्या पावसाकडे पाहणं ही आमची पहिली चूक.

सकाळ मात्र सुंदर होती, हेही सांगायला हवं. जंगलात शिरलो आणि खरोखरच अंधारून आलं. झाडांवरून निथळणारं पाणी, खोडांवर शेवाळाचा जाड थर, पायाशी खेकडे, कुठेतरी शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ. एका उघड्या जागी आलो तर धुकं फाटलं आणि समोर कुंडलिकेची अख्खी दरी, पलीकडच्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे. भाची म्हणाली, "मावशी, आपण हे आधी का नाही पाहिलं गं?" पुढचं सगळं होऊनही ती दरी पाहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. माणसांनी डोंगरात जाऊ नये, असं सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही.

पहिला ओढा घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला. तिथे फोटोंसाठी पाऊण तास गेला. त्यानंतर रांग लांबत गेली. लीडर दोघेही पुढे. सर्वांत मागे कुणी थांबायचं, हे ठरलंच नव्हतं. आम्ही शेवटचे अकराजण आपापल्या वेगाने येत राहिलो. दुपारी एकच्या सुमाराला पावसाचा आवाज बदलला. आधी तो पानांवर वाजत होता, आता सगळीकडून एकच गर्जना येऊ लागली. मोठ्या ओढ्याशी पोहोचलो तेव्हा पुढचे चाळीसेकजण पलीकडे गेलेले होते आणि आम्ही अकराजण अलीकडे.

पाण्याचा रंग लाल-तपकिरी झाला होता. त्यातून काटक्या आणि पानांचे पुंजके वाहत येत होते. ही खूण कृपा करून लक्षात ठेवा. स्वच्छ वाहणारं पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा दिसू लागला, की वर कुठेतरी जोराचा पाऊस झालेला असतो आणि लोंढा वाटेत असतो. अशा वेळी काठापासून मागे आणि वर सरकायचं. 30 जून 2024 ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. पाणी वाढलं तेव्हा ती प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती. ते दृश्य टीव्हीवर पाहताना मला आमचा ओढाच दिसत होता.

पलीकडून लीडर हातवारे करत होता, या म्हणून. आवाज पोहोचत नव्हता. त्याने दोर फेकला. आमच्यातल्या एका तिशीतल्या मुलाने तो कमरेला बांधला आणि पाण्यात पाय टाकला. पाणी मांडीपर्यंत होतं. चार पावलं गेला आणि घसरला. त्यानंतर जे झालं, ते मला अजूनही झोपेत दिसतं. पलीकडच्यांनी जीव खाऊन दोर धरून ठेवला आणि त्या धरण्यानेच तो पाण्याखाली गेला. दोराने बांधलेला माणूस पडला की प्रवाह त्याला एकीकडे रेटतो, दोर दुसरीकडे अडवतो आणि या ओढाताणीत त्याला वर येता येत नाही. किती सेकंद गेले, ते मला सांगता येणार नाही. पलीकडच्या कुणाच्या तरी हातातून दोर सुटला, म्हणून तो वाहत खाली गेला आणि आमच्याच काठाच्या एका खडकाला अडकला. आम्ही त्याला ओढून काढलं. मनगट मोडलं होतं, कपाळ फुटलं होतं. जीव वाचला.

तरी पलीकडून दुसरा दोर येत होता आणि आमच्यातले दोघं तयारही होते. कारण गाडी पलीकडे, जेवण पलीकडे, उरलेली माणसं पलीकडे. त्याच वेळी डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेला साठीचा एक गावकरी मागून आला. पिंपरीहून सामान घेऊन तो हिरडीला आपल्या घरी निघाला होता. त्याने पाण्याकडे एकदा पाहिलं आणि पाठीवरचं गाठोडं खाली ठेवलं.

"आता कुनी पान्यात उतरायचं न्हाई. ताई, त्या पोरांना मागं घ्या. ह्यो वढा चढतो तसाच उतारतो. बसा हितं माझ्यासंगं."

ज्याचं घर पलीकडे होतं, ज्याने हा ओढा आयुष्यभर ओलांडला होता, तो माणूस खाली बसला. आम्ही त्याच्याजवळ बसलो. अडीच तास. जखमी मुलाला सगळ्यांच्या मध्ये घेतलं, त्याचे ओले कपडे काढून माझा कोरडा शर्ट घातला, मनगटाला छत्रीची दांडी आणि ओढणी बांधली. साडेचारनंतर पाऊस कमी झाला आणि पाणी खरोखरच उतरू लागलं. पावणेसहाला आम्ही त्याच्या मागोमाग, त्याने दाखवलेल्या वरच्या अंगाच्या रुंद जागेतून, गुडघ्याखालच्या पाण्यातून पलीकडे गेलो. तिथे कुणीच नव्हतं. बाकीचे कधीच पुढे निघून गेले होते.

अंधारात भिऱ्याचा उतार धरू नका, असं त्या गावकरी दादांनी बजावलं आणि आम्हा अकराजणांना घरी नेलं. त्यांच्या घरच्या बाईंनी चूल पेटवून तांदळाच्या भाकऱ्या आणि डाळ केली. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी भांड्याखाली ठेवून आले. फोनला रेंज नव्हती. पुढे गेलेली मंडळी रात्री नऊला भिऱ्याला पोहोचली, तेव्हा माझ्या बहिणीने आयोजकांना फोन केला. "सगळे सुखरूप आहेत, मागून येतायत," असं तिला सांगण्यात आलं. आम्ही कुठे आहोत, हे त्यांना त्या क्षणी माहीत नव्हतं. हे उत्तर मला अजून माफ करता आलेलं नाही. ती रात्रभर जागी होती. सोमवारी संध्याकाळी आम्ही ठाण्यात आलो.

फक्त त्या दोन तरुण लीडरना मी दोषी धरत नाही. पाण्याशी गाठ पडेपर्यंत सगळे निर्णय इतरांनी आधीच घेऊन ठेवले होते. गाडी कुठे उभी राहील, किती माणसं घ्यायची, दुसऱ्या गाडीसाठी किती थांबायचं, अलर्ट असूनही निघायचं. यातला प्रत्येक निर्णय पैशांच्या हिशेबाने झालेला. ट्रेक रद्द केला तर पैसे परत द्यावे लागतात, आणि आम्ही ग्राहकही असे की रद्द झाल्यावर चिडतो. आता मी आयोजकाला पहिला प्रश्न विचारते तो हाच: मागे फिरायचं कोण ठरवणार, आणि कुठून? 'परिस्थिती बघून ठरवू' हे उत्तर मी स्वीकारत नाही. 'अमुक ओढ्यापर्यंत 11 च्या आत पोहोचलो नाही तर परत' किंवा 'रेड-ऑरेंज अलर्ट असेल तर ट्रेक पुढच्या रविवारी, पैसे तसेच वळते' असं ठरलेलं, लिहिलेलं उत्तर हवं. जे आयोजक हे लिहून देतात ते आहेत, आणि त्यांचे दोन-तीनशे रुपये जास्त असतात. ते द्या.

बाकीचं विचारायचं ते ओघानेच येतं. लीडर या वाटेवर, याच मोसमात, किती वेळा आला आहे? दर किती माणसांमागे एक? 54 मागे दोन कधीच पुरे नाहीत. मी आता 10 मागे एक असल्याशिवाय जात नाही. सर्वांत मागे चालणारा माणूस ठरलेला आहे का? गावातला वाटाड्या घेतला आहे का? त्याला आपल्या पैशांतून मोबदला मिळतो, ही वेगळी चांगली गोष्ट. पण मुख्य म्हणजे ओढ्याचा स्वभाव त्यालाच ठाऊक असतो. राज्य सरकारच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं आवश्यक आहे. ती केली आहे का, हे संकोच न करता विचारा. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अनेक धबधब्यांवर आणि वाटांवर मनाई आदेश काढतात, अंधारबन आणि देवकुंड धबधब्याकडेही ते लागू झाले आहेत. 'आपण मागच्या वाटेने जाऊ' म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका. आणि ड्रायव्हर. रात्रभर गाडी चालवलेला माणूस दुसऱ्या रात्री पुन्हा घाट चढवतो, याकडे कुणाचं लक्षच नसतं. तो दिवसा कुठे झोपणार, हेही विचारा.

ओढ्याबद्दल मला पुढे एका जुन्या गिर्यारोहकाने शिकवलं ते असं. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल किंवा तळ दिसत नसेल तर थांबायचं. दोर अंगाला कधीही बांधायचा नाही. बूट काढायचे नाहीत. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडल्यास सॅक टाकून देता येते. जायचंच असेल तर चार-पाचजणांनी खांद्यांना धरून, सगळ्यांत दणकट माणूस वरच्या अंगाला ठेवून, अरुंद नाही तर रुंद जागेतून. अरुंद जागी पाणी खोल आणि जोराचं असतं, हे आपल्याला उलटं वाटतं.

एका दिवसाचा ट्रेक असला तरी सॅकमध्ये बॅटरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड, क्रेप बँडेज आणि रात्रीपुरतं खाणं असू द्या. आमच्या अकराजणांत बॅटऱ्या दोनच होत्या. जीन्स घालू नका, ती भिजली की वाळत नाही आणि अंग गार पडतं. घरच्यांकडे ट्रेकचं नाव ठेवून भागत नाही. सुरुवातीचं गाव, शेवटचं गाव, तालुका, लीडरचा नंबर आणि 'इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं' हे लिहून ठेवा. माझ्या बहिणीला 'अंधारबन' एवढंच माहीत होतं. पोलिसांना ती कोणतं ठाणं सांगणार होती?

अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाचं बचाव समन्वय केंद्र 24 तास चालू असतं आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या स्वयंसेवी पथकांना जवळच्या जागी पाठवतं. त्यांचा क्रमांक 7620230231. डोंगरात रेंज मिळेलच असं नाही, म्हणून तो तुमच्या फोनबरोबर घरी थांबणाऱ्या माणसाच्या फोनमध्येही आजच साठवून ठेवा.