थांबवायचं कोणी, ते आधी ठरवा

कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती
आषाढ शुद्ध पंचमी

चि. सोनूस,


अलिबागच्या किनाऱ्यावर तुमच्या गावातल्या धावणाऱ्या मंडळींनी दौड ठरवली आहे, तू त्यात दहा किलोमीटर पळणार आहेस आणि संयोजकांतही आहेस, हे काकूकडून कळलं. फार बरं वाटलं. ‘पाऊस असो, वादळ असो, दौड होणारच’ असा निरोप तुम्ही सगळ्यांना पाठवला आहे, हेही कळलं. त्या निरोपाबद्दल हे पत्र. फोनवरचं बोलणं अर्धं विसरायला होतं. कागदावर असलं म्हणजे तुमच्या बैठकीत वाचून दाखवता येईल.

पळ, हे आधी सांगतो. नुसत्या पावसाला घाबरून दौड रद्द करावी असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर पोरं पळवली, पावसात भिजून कुणाचं काही बिघडलेलं पाहिलं नाही. पण पाऊस वेगळा आणि पावसाळ्यातला समुद्र वेगळा, आणि आपल्या भागातल्या माणसाला हा फरक उमजत नाही. वीर धरणातून कालव्याला आवर्तन सुटलं तर आपला ऊस, नाहीतर आभाळाकडे डोळे. आपल्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस होतो, तेवढा तुमच्याकडे कधीकधी दोन-तीन दिवसांत कोसळतो. पाण्याला आपण जन्मात कधी नको म्हटलेलं नाही, म्हणून पाणी दिसलं की आपण पुढेच जातो. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजची सहल गेली होती. १४ विद्यार्थी बुडाले. महिना फेब्रुवारीचा होता. पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं. उलट ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते कोळी १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढून, शाकारून ठेवतात. तो सरकारी बंदीचा काळ आहे हे खरं, पण नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय समुद्रात जायचं नाही, ही रीत त्या कायद्याहून कितीतरी जुनी आहे. तुमची दौड नेमकी त्या दोन महिन्यांत आहे.

माझी पहिली नेमणूक मुरूड तालुक्यात होती, हे तुला माहीत आहे. बदलीची वाट पाहणारे आम्ही घाटावरचे गुरुजी. माझ्या खोलीशेजारी एक कोळी कुटुंब राहायचं. त्या घरातल्या आजोबांनी मला भरतीचं गणित शिकवलं, ते तू आता पाठ कर. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. येईल त्या वाजता भरती पुरी होते, आणि तिथून साधारण सहा तास मागेपुढे ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. मिनिटाचा हिशेब त्यात नसतो, त्यासाठी अधिकृत कोष्टक पाहायचं. पण कोष्टक हातात नसताना डोक्यात काहीतरी असावं.

आता तुमचा रविवार बघ. गुरुपौर्णिमेनंतरची वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सहाला सुटलात तर रमतगमत येणारा शेवटचा माणूसही पावणेआठपर्यंत परत येतो, आणि तोवर पाणी सगळ्यात लांब असतं. ओली, घट्ट वाळू पायाखाली. वेळ तुम्ही चांगली धरली आहे. पण पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस म्हणजे उधाणाचे दिवस. जेवढं पाणी लांब जातं, तेवढंच ते वर चढून येतं.

आणि इथेच घात होतो. सहाला धो-धो पाऊस असेल, कुणीतरी म्हणेल, थोडी उघडीप होऊ द्या, तासाभराने सोडू. तासाचे दोन तास होतात. आठ-साडेआठला पाऊस थांबतो, ऊन पडतं, सगळे खूश होऊन सुटतात. पाणी मात्र साडेसातपासून परत फिरलेलं असतं. भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. सुरुवातीला कळतही नाही, आणि मधल्या दोन तासांत, म्हणजे साडेनऊ ते साडेअकरा, जवळजवळ निम्मं पाणी चढतं. कुलाबा किल्ल्यात चालत गेलेले पर्यटक अडकतात ते याच चुकीने. जाताना घोट्याइतकं पाणी असतं. तेव्हा पाऊस जाण्याची वाट पाहून भरती अंगावर घेऊ नका. सहाला सुटता येत नसेल तर त्या दिवशी वाळूवरची दौड नाही, एवढं पक्कं करा. कुणी म्हणेल, मग पुढच्या रविवारी घेऊ. पुढचा रविवार वद्य नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात. तुम्ही सुटायच्या वेळेला भरती पुरी होत आलेली असेल. त्या दिवशी रस्त्यावरून पळा.

वाऱ्याने पाणी किनाऱ्याकडे रेटलं असेल तर ओहोटीही पुरती लागत नाही. म्हणून शनिवारी पहाटे प्रत्यक्ष जाऊन बघ. त्या दिवशीची ओहोटी पावणेसातची. पाणी कुठवर गेलं, खाडीच्या तोंडाशी वाळू कशी आहे, उधाणाने काय काय फेकलं आहे, सगळं चालून बघायचं. तुटकी जाळी, खिळ्यांच्या फळ्या, काचा, शिवाय पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर डांबरासारखे तेलाचे गोळे येऊन पडतात. अनवाणी पळणारे खूप असतील, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं.

दुसरं वाऱ्याचं. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि तुमचा किनारा दक्षिणोत्तर. अलिबागहून सुटून वरसोलीकडे गेलात तर जाताना वारा पाठीशी, आणि येताना, दमून ओलेचिंब झाल्यावर, तोंडावर. उलट करा. सुरुवात वरसोलीला ठेवा, ताज्या पायांनी वाऱ्यावर चाल करा, परतताना तो ढकलत आणेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं तिथे अंगाला कळेल. दमलेला माणूस सुरूच्या झाडाखाली उभा राहायला बघतो. त्याला तिथे उभं राहू देऊ नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ तुमच्याच किनाऱ्यावर आलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, आणि अलिबाग तालुक्यात उमट्याला एक माणूस गेला तो विजेचा खांब अंगावर पडून. समुद्रात पाऊल न टाकता. वीज चमकली तर गडगडाट किती सेकंदांनी येतो ते मोजायचं; तीन सेकंदांना एक किलोमीटर. दहा किलोमीटरच्या आत असेल तर वाळू सोडायची. उघड्या वाळूवर तुझ्याहून उंच काही नसतं, हे ध्यानात ठेव. हवामान खात्याने रायगडला नारिंगी इशारा दिला किंवा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, तर किनारा सोडायचा. लाल असेल तर घरीच राहायचं, रस्त्यावरही नाही.

हे सगळं तुमच्यातल्या एकदोघांना माहीत असेलही. माहीत असून उपयोग होत नाही, कारण आयत्या वेळी थांबा म्हणायला कुणी पुढे होत नाही. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरातली शर्यत होती. वाऱ्याचा इशारा आधी आलेला होता. दुपारी गारपीट, पाऊस, बोचरा वारा. धावणारे बनियन-चड्डीवर, कारण जाकीट सक्तीचं नव्हतं. २१ जण थंडीने गारठून गेले. लियांग जिंग हा त्या देशातला नावाजलेला धावपटू, तोही गेला. त्याहून तयारीचा माणूस कुठून आणणार? झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ पावसामुळे गुहेत आसऱ्याला होता. त्याने शेकोटी पेटवून, अंथरूण-पांघरूण देऊन सहा जणांना वाचवलं. आभाळ फिरलं की मेंढरं आडोशाला घ्यायची, हे आपल्या धनगरांनाही कुणी शिकवत नाही. शर्यतीतल्या माणसाला मात्र पुढचा टप्पा दिसत असतो.

म्हणून ‘ज्याला झेपेल त्याने पळावं, नाही त्याने थांबावं’ हे वाक्य तुमच्या निरोपातून काढून टाका. बारामतीच्या लता करे आठव. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते, म्हणून साठी ओलांडलेली ती बाई नऊवारी लुगड्यात अनवाणी पळाली आणि पहिली आली. पुढे तिच्यावर सिनेमा निघाला, त्यात तिने स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा खास उल्लेख झाला. आपण सगळे तिचं कौतुक करतो, केलंच पाहिजे. पण संयोजक म्हणून तू तिच्याकडे दुसऱ्या नजरेने बघ. त्या दिवशी तिला कुणी सांगितलं असतं, बाई, झेपत नसेल तर थांबा, तर ती थांबली असती? तिला थांबणं परवडणारं नव्हतं. तुमच्या तीन किलोमीटरच्या गटातही बक्षिसाच्या रकमेकडे बघून आलेलं कुणीतरी असेल. त्याला थांबवणं हे तुमचं काम, त्याच्यावर सोडायचं नाही. आणि थांबवताना त्याचं नुकसान होणार नाही अशी सोयही आधीच करा: दौड मध्येच थांबली तर पदक सगळ्यांना, आणि रोख बक्षीस पुढच्या दौडीसाठी राखून, नव्याने नाव न नोंदवता.

सोपानकाकांची पालखी नुकतीच आपल्या गावातून पुढे गेली. मुक्कामावर चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंग गप्प होतात, हजारो माणसांत कुणी ‘का?’ म्हणून विचारत नाही. तो अधिकार त्याला त्या क्षणी मिळालेला नसतो, वारीच्या आधीपासूनचा असतो. तुम्हीही असा एक माणूस नेमा. स्वतः न पळणारा, देणगीदारांचा मिंधा नसलेला, जमलं तर वरसोलीच्या कोळीवाड्यातला. शनिवारी संध्याकाळी एकदा आणि रविवारी पहाटे पाचला एकदा त्याने आभाळ, पाणी आणि बावटा बघायचा आणि हो की नाही सांगायचं. मध्येच शिट्टी वाजवली तर सगळे जिथे असतील तिथून रस्त्याकडे. तू सगळ्यात पुढे असलीस तरी.

तू स्वतः कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ने, पळून झाल्याबरोबर बदल. ओल्या अंगाने चहा पीत, फोटो काढत उभी राहू नकोस. शेवटचा माणूस आल्याशिवाय किनारा सोडू नकोस. सुटलेल्यांची आणि आलेल्यांची नावं वहीत जुळली पाहिजेत.

इकडे आडसालीच्या सऱ्या पाडून ठेवल्या आहेत, पाळी आली की लागण. पाऊस अजून नुसती भुरभुर. काकू बारामतीच्या एसटीने शेंगांच्या चटणीची बरणी कुणाबरोबर तरी धाडायचं म्हणते आहे. बैठक झाली की कोणाला नेमलंत ते नाव कळव.

तुझा,
काका