जुन्या गाडीचा ऑईल फिल्टर निवडताना



गेल्या काही अंकांतून आपण लागण, खोडवा, ठिबक यांविषयी पुष्कळ वाचले. या खेपेला ऊस जरा बाजूला ठेवू या. हंगाम उरकला आणि लग्नसराई तोंडावर आली की आमच्या वाहन विभागाकडे सभासद मंडळींची एक ठरलेली विचारणा येते. "घरची जुनी अँबॅसिडर बाहेर काढतोय, ऑईल बदलायचंय, फिल्टर कुठला टाकू?" कुणाकडे वडिलांच्या वेळची अँबॅसिडर असते, कुणाकडे आजोबांनी घेतलेली जीप. रोजच्या वापराला ती परवडत नाही आणि विकायला मन होत नाही. अशा गाड्यांसाठी हा लेख.

फिल्टरची किंमत म्हणाल तर किरकोळ. पण तो चुकीचा बसला आणि बेअरिंग गेले, तर इंजिन उतरवा, क्रँक ग्राइंडिंगला द्या, पुढच्या मापाची बेअरिंगे शोधत शहर पालथे घाला, असा सगळा खेळ होतो. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. क्रँक काही हवा तितक्या वेळा घासता येत नाही. शेवटचे माप संपले की क्रँकही संपला. म्हणून दुकानदाराने पुढे केला तो फिल्टर घेऊन येण्याआधी दोन गोष्टी समजून घ्याव्यात असे आम्हाला वाटते.

ठिबकचा संच ज्यांच्याकडे आहे त्यांना फिल्टर म्हणजे काय हे सांगायला नको. विहिरीवरून येणारे सगळे पाणी वाळूच्या आणि जाळीच्या फिल्टरमधून जाते. जाळी फाटली तर ड्रीपर तुंबतात, जाळी चोंदली तर शेवटच्या सरीला पाणीच पोचत नाही. इंजिनाची दुखणीही हीच दोन. चेंबरमधले ऑईल पंप उचलतो, ते फिल्टरमधून मुख्य वाटेने क्रँकच्या बेअरिंगांकडे, तिथून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांकडे आणि वर रॉकरकडे जाते. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑईलचा जो पापुद्रा असतो तो काही मायक्रॉनांचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. शेतरस्त्याचा धुरळा, काजळी, लोखंडाचा कीस यांतला बारीक कण त्या पापुद्र्यात शिरला की मऊ बेअरिंगमध्ये रुततो आणि कानसीसारखा क्रँक घासत बसतो.

आता मुख्य मुद्दा. सगळ्या जुन्या इंजिनांत फिल्टरची जागा एकसारखी नसते. मोटारीचा ऑईल फिल्टर निघाला तो अमेरिकेत, १९२३ साली. अर्नेस्ट स्वीटलँड या गृहस्थांनी त्याला 'प्युरोलेटर' असे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी तो क्रायस्लर गाडीवर बसला. त्या पद्धतीत सगळे ऑईल फिल्टरमधून जात नसे. मुख्य पाटाला एक बारीक फाटा काढावा तसा थोडा भाग, साधारण दहावा हिस्सा, फिल्टरकडे वळवायचा आणि गाळून परत चेंबरमध्ये सोडायचा. बाकीचे ऑईल न गाळताच बेअरिंगकडे. याला बायपास पद्धत म्हणतात. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर सगळेच ऑईल गाळून पाठवण्याची, म्हणजे फुल-फ्लो पद्धत रूढ होत गेली.

हे ऐकायला पुस्तकी वाटेल, पण आपल्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये या दोन्ही पद्धती उभ्या आहेत. महिंद्र कंपनीने विलीज जीप आपल्याकडे जुळवायला सुरुवात केली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस. त्या घराण्याच्या जुन्या पेट्रोल इंजिनावर फिल्टरचा डबा वेगळा बसवलेला असतो आणि त्याला दोन बारीक नळ्या असतात. करंगळीपेक्षा बारीक नळी दिसली की समजावे, हा बायपास. अँबॅसिडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन मूळ इंग्लंडच्या बी.एम.सी. कंपनीच्या 'बी' मालिकेचे. त्याचा फिल्टर इंजिनाच्या अंगालाच जोडलेला आणि तो फुल-फ्लो.

जीपच्या फिल्टरचे एलिमेंट दाट विणीचे असले तरी चालते, कारण ते तुंबले तरी बेअरिंगचा पुरवठा थांबत नाही. पण त्याच्या वाटेत एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ऑईल किती वळवायचे ते तेच छिद्र ठरवते. "ऑईल नीट फिरत नाही" म्हणून एखादा हौशी मिस्त्री ते ड्रिलने मोठे करतो, किंवा छिद्र नसलेला भलताच डबा बसवतो. मग ऑईल फाट्यानेच चेंबरमध्ये पळते आणि गाडी मंद चालताना गेजचा काटा खाली बसतो. लोक पंपाला दोष देतात, पंप बदलतात, पैसे जातात, काटा काही उठत नाही.

अँबॅसिडरचे उलट. तिथे दाट एलिमेंट कामाचे नाही. फुल-फ्लो फिल्टर चोंदला तर बेअरिंग कोरडे पडू नये म्हणून एक झडप दिलेली असते. फिल्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबात ठरावीक फरक पडला, साधारण १० ते २० पौंडांचा, की ती उघडते आणि ऑईल न गाळताच पुढे जाते. थंडीत सकाळी घट्ट ऑईल असताना ती थोडा वेळ उघडते, त्यात वावगे काही नाही. पण "जितका बारीक गाळेल तितका चांगला" या समजुतीने अतिबारीक एलिमेंट टाकले तर झडप वारंवार उघडी राहते आणि गाळणी असून नसल्यासारखी होते. निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच एलिमेंट टाकावे, शहाणपण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जुन्या अँबॅसिडरच्या फिल्टरला लोखंडी वाटी असते आणि ती एका लांब बोल्टवर आवळलेली असते. या वाटीच्या तळाशी जो संसार असतो तिकडे कुणी बघत नाही. आधी स्प्रिंग, तिच्यावर पत्र्याचे वायसर, त्यावर फेल्टचे वायसर, मग दाबाची चकती आणि तिच्यावर एलिमेंट. स्प्रिंग एलिमेंटला वर दाबून धरते, फेल्ट बोल्टभोवतीची फट बंद करते. एलिमेंट काढताना यातले काहीतरी जुन्या ऑईलबरोबर ट्रेमध्ये पडते आणि ट्रेबरोबर उकिरड्यावर जाते.

एका सभासदांची गाडी अशीच आमच्याकडे आली. ते मोठ्या समाधानाने सांगत होते की, "आमचं इंजिन इतकं स्वच्छ, की एलिमेंट दर वेळी नव्यासारखं निघतं." वाटी उघडली तर आत स्प्रिंगही नव्हती आणि फेल्टही नव्हते. ऑईल एलिमेंटला वळसा घालून फटीतून जात होते, मग एलिमेंट मळणार कशाने? चेंबर उतरवला तेव्हा रॉडच्या बेअरिंगांचा वरचा थर उडून तांबे उघडे पडले होते. पाच हजार किलोमीटर चाललेल्या जुन्या इंजिनाचे एलिमेंट काळेच निघायला हवे. गोरेगोमटे निघाले तर आनंद मानू नये, वाटीचा तळ तपासावा.

वाटीच्या कटकटीला कंटाळून काही जण अडॅप्टर लावून फिरवून बसणारा बंद डब्याचा फिल्टर घेतात. सोय चांगली आहे, आमची हरकत नाही. (अँबॅसिडरला नंतरच्या काळात आलेल्या इसुझुच्या १८०० इंजिनाला असा फिल्टर मुळातच आहे.) पण इथे आट्यांची फसगत फार होते. इंग्रजी पद्धतीच्या पाऊण इंची स्टडवर २० मिलिमीटरचा मेट्रिक फिल्टर ढिला का होईना, पण चढतो. हाताला आवळल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची पकड अर्धीमुर्धी असते आणि दाब आला की फिल्टर उडतो किंवा ऑईल फवारू लागते. रस्त्यावर हे झाले तर चेंबर रिकामा व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा फिल्टर खडखडत चढत असेल तर तो आपला नव्हे. आटे जुळले म्हणजे काम झाले असेही नाही. झडप किती दाबाला उघडते ते इंजिनागणिक बदलते आणि डब्याकडे बघून ते कळत नाही. इंजिनाचा प्रकार सांगून, फिल्टरचा क्रमांक कंपनीच्या तक्त्याशी ताडून घ्यावा.

दुकानात डोळ्यांनी मात्र बरेच तपासता येते. बंद फिल्टरच्या तोंडाशी कडेने जी छिद्रे असतात त्यांतून आत रबराची झडप दिसते. बोथट काडीने ती हळूच दाबून पाहा. मऊ असून लगेच परत बसली पाहिजे. गाडी बंद असताना फिल्टरमधले ऑईल खाली उतरू नये हे तिचे काम. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसत असेल तर ही झडप हवीच, नाहीतर दर सकाळी काही क्षण इंजिन कोरडे खडखडते. काळे रबर वर्षानुवर्षे पडून राहिले की कडक होते, म्हणून दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलेला 'जुना ओरिजिनल माल' आम्ही तरी घेत नाही. सुट्या एलिमेंटच्या घड्या सारख्या अंतरावर हव्यात, टोकाच्या चकत्यांना कागद सगळीकडून चिकटलेला हवा, मधली जाळीची नळी बोटाने दाबून चेपता कामा नये. कागद वहीच्या पानासारखा लुळा लागला तर परत ठेवा. खोक्यावरचा रंग आणि होलोग्राम यांवर मात्र फार विसंबू नका, खोके छापणे सर्वांत सोपे असते.

बरीच वर्षे उभी असलेली गाडी चालू करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. आजच्या ऑईलमध्ये मळ सोडवून घेणारी द्रव्ये असतात. जुन्या इंजिनात तळाशी बसलेला गाळ त्यांनी सुटतो आणि पहिला फिल्टर लवकर भरतो. त्यामुळे पहिले ऑईल आणि फिल्टर हजारेक किलोमीटरवरच काढावेत. त्यानंतर पाच हजार किलोमीटरला, आणि गाडी तितकी फिरत नसेल तर वर्षातून एकदा तरी. उभ्या गाडीच्या ऑईलमध्येही ओल आणि आम्ल साचतेच. आणि एअर क्लीनर? धुरळ्याची पहिली वेस तीच आहे. तिच्यातले ऑईल आटले असेल तर खालचा फिल्टर बिचारा किती पुरा पडणार!

बसवताना घाई नको. जुनी रबर रिंग खाचेत चिकटून राहते, तिच्यावरच नवी बसवली तर जोड फुटलाच म्हणून समजा. जुनी रिंग टोकदार काडीने उकरून काढा, खाच पुसा, नव्या रिंगेला ऑईलचे बोट लावा. फिरवून बसणारा फिल्टर रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळावा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी छिन्नीने सोडवावा लागतो. फिल्टर तोंड वर करून बसत असेल तर आधी ऑईलने भरून घ्या. मग कॉइलची वायर काढून, गेजचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा, आणि नंतरच इंजिन चालू करा. दोन मिनिटांनी बंद करून खाली वाकून ओल बघा, आणि ऑईलची पट्टी पुन्हा तपासा, कारण फिल्टरनेही आपला वाटा घेतलेला असतो.

काढलेला जुना फिल्टर लगेच फेकू नका. ऑईल निथळू द्या, डबा पत्र्याच्या कात्रीने कापा, कागद उलगडून उन्हात धरा. काळा चिकट मळ दिसेल, तो ठीक. लोहचुंबकाला चिकटणारा बारीक कीस थोडाफार जुन्या इंजिनात असतोच. मात्र चुंबकाला न चिकटणारे चंदेरी पापुद्रे किंवा तांबूस कण दिसले तर नवा फिल्टर टाकून भागणार नाही. चेंबर उतरवून बेअरिंगे बघायला हवीत, आणि ती बघेपर्यंत गाडी कुणाच्या वरातीला देऊ नका.