कॅमेरा घेताय? जरा थांबा!

मेसच्या भाजीनंतर आमच्या विंगमध्ये सगळ्यात जास्त चघळला जाणारा विषय म्हणजे ‘कॅनन की निकॉन?’ उद्या सबमिशन असलं तरी रात्री दीड वाजता माणसं सेन्सरच्या आकारावरून एकमेकांच्या अंगावर जातात. मीही त्यातलाच. थर्ड इयरला दोन वर्षं साठवलेल्या पैशांतून सेकंडहँड डीएसएलआर घेतला, सोबत नेहमीची १८–५५ मिलिमीटरची किट लेन्स. वादात मी कधी हरलो नाही. फोटोत मात्र हरलो, ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या मेसचे मामा निवृत्त झाले. संध्याकाळी मेसच्या हॉलमध्येच निरोप समारंभ होता. शाल, नारळ, हार, आणि गावाहून खास आलेल्या मामी. फोटोची जबाबदारी अर्थातच ‘कॅमेरावाल्या’वर. मी मागच्या टेबलाजवळ उभा राहून, झूम करून, चाळीसेक फोटो काढले. रूमवर येऊन लॅपटॉपवर बघितले आणि पोटात गोळा आला. एकही धड नव्हता. मामांचे हात पुसट, मामींचा चेहरा पुसट, हार म्हणजे नुसता पांढरा पट्टा. मामी त्याच रात्री गावी परत गेल्या.

कॅमेरा चांगला होता. लेन्सही ठीक होती. मग चुकलं कुठे? उत्तर तीन आकड्यांत आहे, आणि आपण इंजिनिअरिंगवाले असल्यामुळे आपल्याला ते अवघड जाऊ नये.

पहिला आकडा अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं आहे ते. एफ/५.६ चा अर्थ, लेन्सच्या फोकल लेंग्थला ५.६ ने भागलं की भोकाचा व्यास मिळतो. म्हणून आकडा मोठा तर भोक लहान. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ ही विचित्र मालिका म्हणजे दर वेळी २ च्या वर्गमुळाने गुणणं. व्यास तेवढा कमी झाला की क्षेत्रफळ निम्मं, म्हणजे उजेडही निम्मा.

दुसरा आकडा शटर. सेन्सरवर उजेड किती वेळ पडतो, ते. हात थोडाफार हलतोच, म्हणून जुना नियम असा की फोकल लेंग्थ जितके मिलिमीटर, सेकंदाचा निदान तितकावा भाग ठेवायचा. आपल्या नेहमीच्या डीएसएलआरचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरच्या फिल्मपेक्षा लहान असतो, म्हणून त्याला साधारण १.५ ने गुणायचं. म्हणजे ५५ मिलिमीटरला किमान १/८० सेकंद. आणि हा फक्त आपल्या हाताचा हिशेब झाला. समोरचा माणूस हलत असेल तर वेगळाच विचार करावा लागतो.

तिसरा आकडा आयएसओ. सोप्या भाषेत, सिग्नल किती वाढवायचा ते. ‘आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात’ हे प्रत्येक जण सांगतो. पण दाण्यांचं मूळ बहुतेक वेळा कमी उजेडात असतं. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन जमले तर त्यात १०० चा चढउतार असतो, म्हणजे १ टक्का. १०० च जमले तर १० चा, म्हणजे थेट १० टक्के. आयएसओ हा चढउतार मोठा करून दाखवतो, एवढंच. उजेड मिळवणं हेच खरं काम.

आता त्या रात्रीचा हिशेब मांडू. वादावादीत ऐकलेल्या दाण्यांच्या भीतीने मी आयएसओ ४०० ला बांधून ठेवला होता. झूम पूर्ण ५५ ला, आणि तिथे किट लेन्सचं भोक एफ/५.६ पेक्षा मोठं होतच नाही. ट्यूबलाइटच्या त्या उजेडात कॅमेऱ्याने शटर लावलं १/८ सेकंद. हवं होतं १/८०. दहा पट हळू! मग पुसट नाही येणार तर काय?

आणि उपाय काय होता? लाज सोडून पाच-सहा पावलं पुढे जायचं आणि लेन्स १८ वर आणायची. तिथे भोक एफ/३.५ पर्यंत उघडतं, म्हणजे सुमारे अडीच पट उजेड. आयएसओ १६००, म्हणजे चौपट. दोन्ही मिळून दहा पट. शटर १/८०! खर्च शून्य. दाणे आले असते, पण दाण्यांच्या फोटोत मामी ओळखू आल्या असत्या.

मग वस्तूला काहीच किंमत नाही का? आहे. ५० मिलिमीटर, एफ/१.८ ची साधी लेन्स त्याच हॉलमध्ये माझ्या किट लेन्सच्या झूमपेक्षा जवळजवळ दहा पट उजेड आत घेते. गॅदरिंगचे फोटो सतत काढणार असाल तर ती जरूर घ्या. मात्र ‘माझा कोणता फोटो, कोणत्या आकड्यामुळे अडला?’ याचं उत्तर देता आलं तरच पैसे काढा. ‘याच्यात मेगापिक्सेल जास्त आहेत’ हे उत्तर धरलं जाणार नाही. ६ × ४ इंचाच्या प्रिंटला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, १८०० × १२०० म्हणजे जेमतेम २२ लाख पिक्सेल लागतात.

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचं नाव ऐकलं असेल. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ च्या पद्मविभूषण. त्या रोलीफ्लेक्स वापरत. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ फोटो निघतात. बटण दाबण्याआधी उजेड, अंतर आणि क्षण यांचा विचार करणं भागच होतं. आपण दोनशे काढतो आणि एकाचाही विचार करत नाही.

म्हणून आठवडाभर हा प्रयोग करून बघा. कॅमेरा नसेल तर मोबाईल चालेल, बऱ्याच मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ हाताने बदलता येतात. दिवसाला बाराच फोटो. झूम बंद, जवळ जायचं तर पायांनी. प्रत्येक फोटोआधी शटर किती लागेल याचा अंदाज वहीत लिहायचा, मग प्रत्यक्ष आकडा बघायचा. एक दिवस फक्त खिडकीच्या उजेडात, एक दिवस फक्त ट्यूबलाइटखाली. आठव्या दिवशी तुमच्या ‘कॅनन की निकॉन’ला उत्तर मिळेल, किंवा तो प्रश्नच उरणार नाही.

मामा स्टॉकचा हिशेब द्यायला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबले होते. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली. रूम पार्टनरचा जुना मोबाईल घेतला आणि मामांना पूर्वेच्या खिडकीजवळ उभं केलं. ‘‘कशाला रे पुन्हा, काल काढलेस की एवढे!’’ असं म्हणत ते हसले आणि मी बटण दाबलं. तो फोटो आज मेसमध्ये ताटांच्या रॅकवर लावलाय, येता-जाता बघा. मामींचा मात्र एकही फोटो माझ्याकडे नाही.