दोन थेंब तेल : जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीची निगा

विद्यार्थी मित्रहो, पाठ्यपुस्तकात आपण घर्षण, विद्युत् आणि चुंबकत्व ही प्रकरणे निरनिराळी शिकतो. प्रत्यक्ष यंत्रात मात्र ती एकाच घरात नांदतात, आणि त्यांतील एकाकडे दुर्लक्ष झाले की बाकीचीही बिघडतात. उभ्या दांड्याचा जुना व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे धूळ ओढून घेणारे यंत्र, हे याचे उत्तम उदाहरण होय. विलायतेत वा अमेरिकेत नोकरी करून परतलेल्या एखाद्या कुटुंबाच्या माळ्यावर असे यंत्र अजून पडलेले असते. पुष्कळदा त्याची मोटार जळालेली नसते, केवळ तेलावाचून अडलेली असते.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात पाहू. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने हवा ओढून धूळ काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. ते यंत्र इतके अवजड होते की घोडागाडीवरून नेऊन रस्त्यावर उभे करावे लागे व त्याच्या लांब नळ्या खिडकीतून घरात सोडाव्या लागत. घरोघरी वापरता येईल असे यंत्र मात्र ओहायो राज्यातील कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर या सफाई कामगाराने तयार केले. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याला दम्याचा त्रास होई. त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र आणून आपली अडचण दूर केली. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी विल्यम हूवर या चामड्याच्या वस्तू बनविणाऱ्या कारखानदाराने त्याचे उत्पादन सुरू केले. पुढे इंग्रजीत हूवर हे नावच झाडण्याचे क्रियापद बनून बसले.

आता मोटारीकडे वळू. या यंत्रात बहुधा युनिव्हर्सल जातीची मोटार असते. बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांना फील्ड म्हणतात व मधल्या फिरत्या भागाला आर्मेचर म्हणतात. दोन्हींतून एकच प्रवाह एकापाठोपाठ वाहतो. प्रवाहाची दिशा उलटली तर दोघांचे चुंबकत्व एकाच वेळी उलटते, म्हणून फिरण्याची दिशा बदलत नाही, आणि ही मोटार एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही प्रवाहांवर चालते. फिरत्या आर्मेचरला प्रवाह पोचविण्याचे काम दोन कार्बन ब्रश करतात. ते तांब्याच्या पट्ट्यांच्या कॉम्युटेटरवर स्प्रिंगने टेकलेले असतात. आपल्या घरातील मिक्सर व सुताराचे हातड्रिल यांतही हीच रचना असते, त्यामुळे हा पाठ एका यंत्रापुरता नाही.

छताचा पंखा मिनिटाला तीन-चारशे फेरे घेतो. ही मोटार हजारो घेते. एक सोपे गणित करा. आस ८ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला १०,००० फेरे होतात असे धरा. आसाचा परीघ सुमारे २५ मिलिमीटर. म्हणजे आसाचा पृष्ठभाग मिनिटाला २५० मीटर घासत जातो. अर्ध्या तासात साडेसात किलोमीटर! हे अंतर धातूवर धातू घासत कापले गेले तर उष्णता निर्माण होईल, आस चावला जाईल, आणि अडलेल्या मोटारीत वाजवीपेक्षा जास्त प्रवाह शिरून वेटोळी जळतील. आस आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा केसाहून बारीक पापुद्रा राहिला, तर धातू धातूला भिडत नाही. वंगणाचे सारे रहस्य या पापुद्र्यात आहे.

काम सुरू करण्यापूर्वी एक नियम पाळावा. बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग भिंतीतून काढून आपल्या नजरेसमोर ठेवावा. आपल्याकडील २३० व्होल्टचा दाब प्राण घेऊ शकतो. जुन्या यंत्रांची अंगे पुष्कळदा ॲल्युमिनियमची असतात आणि तार दोन पदरीच असते. तिला भूमीशी जोडणारा तिसरा पदर नसतो. तारेवरचे रबर वयोमानाने कडक होऊन तडकते, मग विद्युत् थेट धातूच्या अंगात उतरते. म्हणून तार व आतील आवरण यांची तपासणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावी, आणि मुलांनी हे काम वडीलधाऱ्यांना सोबत घेऊनच करावे. यंत्रावरची पाटीही वाचावी. अमेरिकन यंत्र ११० ते १२० व्होल्टचे असते. ते दाब उतरविणाऱ्या योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरवाचून येथे लावले तर क्षणात निकामी होईल. विलायती यंत्र मात्र बहुधा आपल्या दाबाला जुळणारे असते.

यंत्र उघडताना प्रत्येक स्क्रू कोठचा हे कागदावर लिहून ठेवावे. नाकातोंडावर रुमाल बांधून, अंगणात, मऊ ब्रशने जुनी धूळ झाडावी. मग आस हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला तर उत्तम. खरखर जाणवली तर वंगण सुकले आहे. आस आडवा हलत असेल तर बेअरिंगच झिजले आहे, आणि झिजलेल्या बेअरिंगला तेल हा उपाय नव्हे, ते बदललेच पाहिजे.

बेअरिंग दोन प्रकारचे आढळते. पहिला प्रकार कांस्याच्या बुशचा. त्याच्याभोवती नमद्याचा तुकडा असतो. तो समईतील वातीप्रमाणे तेल शोषून हळूहळू आसाला पुरवितो. येथे मोटारीसाठीचे हलके खनिज तेल, साधारण एस. ए. ई. २० दर्जाचे व डिटर्जंट नसलेले, दोन-तीन थेंब घालावे. दुसरा प्रकार पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगचा. त्याला तेल नव्हे, ग्रीस लागते. ते उघडे असेल तर सुकलेले ग्रीस रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, आतील पोकळीचा सुमारे एक तृतीयांश भाग भरेल इतकेच नवे ग्रीस भरावे. जुने न काढता नवे भरू नये. दोन निराळ्या जातींची ग्रीसे एकत्र आली की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात. दोन्ही बाजूंनी बंद असलेले बेअरिंग मात्र उघडू नये, नवे आणावे.

आपल्या किनारपट्टीवर हात सहजच खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. ते करू नये. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, हे थंडीच्या दिवसांत आपण न्हाणीघरात पाहतोच. शिवाय वनस्पतिजन्य तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावून चिकट होतात आणि वंगणाऐवजी डिंकाचे काम करतात. मोटारगाडीचे तेलही नको. त्यातील डिटर्जंट मळ तरंगत ठेवतो, आणि तो गाळून घेण्याची सोय या लहान बुशमध्ये नसते. शिवणयंत्राचे तेल खनिज असले तरी फार पातळ असते. या वेगाला ते टिकाव धरत नाही.

‘अति तेथे माती’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. जादा तेल आसावरून सरकत कॉम्युटेटरवर जाते, त्यावर कार्बनची भुकटी व धूळ बसून चिखल होतो, पट्ट्यांमधील फटी भरतात आणि ठिणग्या उडू लागतात. कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटर ही जोडी तेलावाचूनच चालावयाची असते, हे पक्के ध्यानात ठेवावे.

ब्रश काढताना कोणता कोणत्या बाजूचा व कोणत्या तोंडाने बसला होता याची खूण करावी, कारण त्याचे टोक कॉम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे घासून बसलेले असते. तो फार आखूड झाला असेल वा स्प्रिंग सैल पडली असेल तर दोन्ही ब्रश एकदमच बदलावे. कॉम्युटेटर कोरड्या कापडाने पुसावा. काळेपणा जात नसेल तर अगदी बारीक काचपेपर हलक्या हाताने फिरवावा. एमरी पेपर वापरू नये. त्याचे कण पट्ट्यांमध्ये अडकून प्रवाहाला आडवाट करून देऊ शकतात.

यंत्र जोडताना रबरी पट्टा तपासावा. तो सैल असेल तर खालचा ब्रश फिरत नाही. वाजवीपेक्षा आखूड असेल तर आसाला एका बाजूस ओढून बेअरिंग झिजवितो. पंखा काढलेल्या अवस्थेत मोटार चालवू नये. भार नसला की या जातीच्या मोटारीचा वेग बेफाम वाढतो. सर्व जोडल्यावर काही क्षणच चालवून पाहावे. बारीक निळसर ठिणग्या चालतील. कॉम्युटेटरभोवती आगीचे कडे दिसले वा जळका वास आला तर तत्काळ प्लग काढावा. धुळीच्या पिशवीकडेही लक्ष असू द्यावे. ती भरली की हवा कमी वाहते, पंख्यावरचा भार घटतो आणि मोटारीचा सूर चढतो. चढलेला सूर म्हणजे यंत्र जोमात आहे असे नव्हे. त्याचा श्वास कोंडला आहे, असा त्याचा अर्थ.

मित्रहो, जेथे घर्षण आहे तेथे तेल, जेथे प्रवाह जावयाचा तेथे स्वच्छ व कोरडा स्पर्श, आणि जेथे हवा वाहावयाची तेथे मोकळी वाट, ही तीन सूत्रे या पाठाचे सार होत. वस्तू बिघडली की टाकून दुसरी आणण्याची सवय आज फार सोपी झाली आहे. तथापि ती का बिघडली हे शोधून काढणारा विद्यार्थी पुस्तकातील तीन प्रकरणे एकदम शिकतो, आणि घरातील एक उपयोगी वस्तूही वाचवितो. सुटीत आपल्या घरातील अशा एखाद्या यंत्रावरची पाटी तरी वाचा. अभ्यासाचा आरंभ तेवढ्यानेही होईल.