डोक्यातल्या उवा : फणी हाती घ्या, फवारणीचे औषध नको



शाळा उघडून महिना झाला की लेकरं डोकं खाजवू लागतात. रोहिणखेडकडे नेमकी तेव्हाच निंदणाची घाई. आई दिवसभर वावरात, वेण्या घालायला मोठी बहीण. मग कोणीतरी सांगतं, "रॉकेल लाव," नाहीतर "कपाशीवरचं औषध चोळ, एका दिवसात साफ." हे मुळीच करू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. ही विषं कातडीतूनही अंगात भिनतात, आणि खाजवून सोललेल्या डोक्यातून तर लवकर. रॉकेलनं कातडी भाजते, चुलीजवळ केस पेट घेऊ शकतात. कोणी शेतीचं औषध लावलंच असेल तर डोकं साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा, कपडे बदला आणि त्रास दिसण्याची वाट न बघता बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत जाते. डोक्याबाहेर एक-दोन दिवसांत मरते. म्हणून घरभर फवारा मारण्यात अर्थ नाही. उशीचा अभ्रा, ओढणी, कंगवा गरम पाण्यात धुतले की पुरे. पहिल्यांदा उवा झाल्या तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणजे एक लेकरू खाजवतंय तर घरातल्या सगळ्यांची डोकी बघायची, आजीचंही. कोंडा झटकला की पडतो, लीख केसाला चिकटून राहते.

लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात. एकदाच साफ करून भागत नाही ते यामुळे. केस ओले करून तेल लावा आणि बारीक दातांच्या फणीनं मुळापासून टोकापर्यंत विंचरा; दर वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा. असं पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करा, सतराव्या दिवशी तपासा. पैसा लागत नाही, वेळ लागतो. तो बापानंही द्यावा.

औषधच हवं असेल तर 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन डॉक्टरांना विचारून घ्या. 5 टक्क्यांचं मलम खरजेचं, ते वेगळं. केस धुऊन, पुसून लोशन लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं, नवव्या दिवशी पुन्हा. डोक्यात पू झाला, मानेला गाठी आल्या किंवा ताप आला तर आधी आरोग्य केंद्रात दाखवा.

उवा स्वच्छ केसांतही होतात. त्यासाठी पोरीचं मुंडण करू नका, शाळाही बुडवू नका. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळं बसावं लागलं होतं. उवांचं निमित्त करून आपलं लेकरू कोणी वेगळं बसवत असेल तर गुरुजींना जाऊन भेटा. एकट्या वस्तीच्या पोरांची नाही, अख्ख्या वर्गाची डोकी एकाच दिवशी तपासायला सांगा. आशाताईंना सोबत न्या.