पहिल्या अकरांतील जागा

अमेरिकेतील हायस्कूल फुटबॉलमध्ये संघात पहिल्यापासून खेळण्याची जागा शुक्रवारी रात्री, प्रकाशझोतात आणि प्रेक्षकांसमोर जिंकली जाते, असा समज खेळाडूंमध्ये आढळतो आणि त्यांच्या पालकांमध्ये तर तो अधिकच दृढ असतो. वस्तुतः मोसमातील पहिला सामना सुरू होईपर्यंत ही चुरस बहुतांशी संपलेली असते. जागा न मिळालेल्या किंवा मिळूनही गमावलेल्या खेळाडूंच्या अनुभवांतून एक गोष्ट पुन्हापुन्हा पुढे येते. शेजारच्या खेळाडूपेक्षा आपण सरस आहोत हे सिद्ध करण्यात त्यांनी सारी शक्ती खर्च केली, आणि प्रशिक्षक मात्र सारा काळ वेगळ्याच गोष्टीचा अंदाज घेत होते, ती म्हणजे या मुलावर विसंबता येईल की नाही.

येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल हा लंबगोल चेंडूचा, हेल्मेट व खांद्यांवर संरक्षक पॅड घालून खेळला जाणारा अमेरिकी खेळ होय. शालेय सामना बारा मिनिटांच्या चार भागांचा असतो आणि एका वेळी प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. परंतु आक्रमणाचे अकरा आणि बचावाचे अकरा हे मोठ्या शाळांत सहसा वेगवेगळे असल्याने, ज्याला ‘स्टार्टर’ म्हणतात अशा, म्हणजे सामन्याच्या आरंभापासून खेळणाऱ्या, खेळाडूंच्या जागा प्रत्यक्षात बावीस होतात. लहान शाळांत तोच मुलगा दोन्हीकडे खेळतो, आणि टेक्सासच्या ग्रामीण भागात तर विद्यार्थिसंख्या अपुरी असल्याने सहा खेळाडूंचा फुटबॉलही खेळला जातो. देशभरात दरवर्षी सुमारे दहा लाख विद्यार्थी अकरा खेळाडूंचा फुटबॉल खेळतात. हायस्कूल नववी ते बारावीचे असते. नववीचा संघ बहुधा स्वतंत्र असतो, त्यावर ‘ज्युनिअर व्हर्सिटी’ हा दुय्यम संघ आणि सर्वांत वर ‘व्हर्सिटी’ हा शाळेचा मुख्य संघ, अशी ही उतरंड आहे.

या उतरंडीचे लेखी रूप म्हणजे ‘डेप्थ चार्ट’, ज्यात प्रत्येक जागेसाठी पहिला, दुसरा, तिसरा असा खेळाडूंचा क्रम लावलेला असतो. तो ऑगस्टमधल्या सरावात पक्का होत असला, तरी त्याची जुळवाजुळव आदला मोसम संपल्यापासून, म्हणजे हिवाळ्यातील वजनांच्या व्यायामापासून, सुरू झालेली असते; टेक्सास, फ्लोरिडा अशा राज्यांत वसंत ऋतूतही सराव होतो आणि प्रशिक्षक तेव्हाच कच्चा आराखडा मनाशी बांधतात. उन्हाळाभर अधूनमधून हजेरी लावून ऑगस्टमध्ये एकदम चमकू पाहणाऱ्या मुलाला चमकायला मैदानच उरलेले नसते. शिवाय उष्माघाताचा धोका टाळण्यासाठी शरीराला उन्हाची सवय टप्प्याटप्प्याने करून देण्याची पद्धत आता बहुतेक ठिकाणी रूढ आहे. त्यानुसार पहिले काही दिवस फक्त हेल्मेट, नंतर खांद्यांचे पॅड आणि त्यानंतरच संपूर्ण साज व अंगाला अंग भिडवणारा सराव, असा साधारण चौदा दिवसांचा क्रम पाळला जातो. जोरदार टॅकल करून, म्हणजे चेंडू घेतलेल्या प्रतिस्पर्ध्याला पकडून पाडून, प्रशिक्षकांचे लक्ष वेधण्याचा बेत आखलेल्या मुलाला त्यामुळे आधी धावणे, उभे राहण्याची जागा आणि पावलांची ठेवण यांवरच पारखले जाते. टेक्सासमध्ये मोसम चालू असताना पूर्ण ताकदीच्या टॅकलचा सराव प्रत्येक खेळाडूसाठी आठवड्याला नव्वद मिनिटांपुरताच मर्यादित आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे.

मग पारख होते ती कशाची? प्रत्येक खेळीत कोठे उभे राहायचे, चेंडू सुटताच कोणाकडे झेपावायचे आणि खेळी ऐनवेळी बदलली तर काय करायचे, या तिन्ही गोष्टी न चुकता करणारा मध्यम वेगाचा खेळाडू, पाचांतील एका खेळीत दिशा चुकणाऱ्या वेगवान खेळाडूच्या वर ठेवला जातो. कारण अकरांपैकी एकाची चूक उरलेल्या दहांचे काम वाया घालवते. सराव आणि सामने यांचे चित्रीकरण आज बहुतेक शाळांत होते व ते पाहणे हा प्रशिक्षकांच्या दिनक्रमाचा भाग असतो. चेंडू आपल्यापासून दूर गेल्यावर कोण चालू लागला आणि कोण शिट्टी वाजेपर्यंत धावला, हे त्या चित्रफितीत लपत नाही. खेळाडू मात्र स्वतःच्या उत्तम खेळींचे तुकडे जोडून पाहण्यातच रमतात, आणि जागा हुकण्याचे कारण ज्या फसलेल्या खेळींत दडलेले असते, त्या पाहायचे टाळतात.

सर्वाधिक गैरसमज ‘स्काउट टीम’विषयी आहे. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या खेळ्यांची नक्कल करून मुख्य संघाला सराव देणाऱ्या या गटात डेप्थ चार्टवरील दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची मुले असतात, आणि तेथे पाठवले जाणे अनेकांना अपमानास्पद वाटते. या भावनेतून जे घडते ते ठरावीक आहे. मुलगा अर्ध्या मनाने धावतो, मुख्य संघाचा सराव बिघडतो, प्रशिक्षक त्याची नोंद घेतात आणि तो आणखी खाली जातो. वास्तविक, शाळेतील सर्वोत्तम अकरांविरुद्ध रोज खेळण्याची संधी राखीव खेळाडूला अन्यत्र कोठेही मिळत नाही. अशीच उपेक्षा ‘स्पेशल टीम्स’ची होते. चेंडू लाथेने दूर मारणे, तो मारणाऱ्याला संरक्षण देणे, आलेला चेंडू घेऊन धावणे अशा प्रसंगी उतरणाऱ्या या तुकड्यांत मुख्य संघातील प्रवेशाचे दार बहुधा सर्वांत आधी उघडते. पण त्यासाठी आपण होऊन नाव देणारे थोडे असतात.

जागेचा हट्ट हाही एक सापळा आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक खेळीत चेंडू हाती घेऊन आक्रमण चालवणारा खेळाडू, एका वेळी एकच असतो, तर त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणारे आक्रमण-फळीचे खेळाडू पाच असतात, हे साधे गणितही या हट्टापुढे चालत नाही. याच्या उलट नामवंत क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे उदाहरण हटकून दिले जाते. कॅलिफोर्नियातील सॅन मटेओच्या सेरा हायस्कूलमध्ये नववीच्या ज्या संघाने मोसमात एकही सामना जिंकला नाही, त्या संघातही तो राखीव क्वार्टरबॅक होता, आणि पुढच्या वर्षी आधीच्या क्वार्टरबॅकने खेळ सोडल्यावर त्याला जागा मिळाली. नंतर मिशिगन विद्यापीठात तो डेप्थ चार्टवर सातवा होता. हे सर्व खरे आहे, तथापि त्यातून हट्टाचे समर्थन काढणे धाडसाचे ठरेल. सातव्या क्रमांकावरून वर न आलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, आणि हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी सुमारे सात टक्केच पुढे महाविद्यालयीन स्तरावर खेळतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दुखापत लपवणे. आपण दोन आठवडे बाहेर बसलो तर दुसरा जागा बळकावेल ही भीती निराधार नाही, आणि तिला उडवून लावणारे वडीलधारे मुलाचा विश्वास गमावतात. टेक्सासमधील ओडेसाच्या पर्मियन हायस्कूलचा 1988 चा मोसम एच. जी. बिसिंजर यांच्या ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या 1990 च्या पुस्तकामुळे सर्वज्ञात झाला. त्यात बूबी माइल्स या गाजलेल्या रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन मुसंडी मारणाऱ्या खेळाडूचा, गुडघा मोसमापूर्वीच्या एका सराव सामन्यात दुखावला. त्याची जागा दुसऱ्याने घेतली आणि परतल्यावरही ती त्याला पूर्वीसारखी मिळाली नाही. भीती खरी ठरते ती अशी. परंतु डोक्याच्या माराबाबत हा हिशेब करण्यास वावच नाही. वॉशिंग्टन राज्यात 2006 साली झॅकरी लिस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागल्यानंतर त्याच सामन्यात पुन्हा उतरला व मेंदूतील रक्तस्रावाने मरणाच्या दारी पोहोचला. त्याच्या नावाने 2009 मध्ये झालेल्या कायद्यानुसार मेंदूला धक्का बसल्याचा संशय येताच खेळाडूला ताबडतोब बाहेर काढावे लागते आणि वैद्यकीय तज्ज्ञाच्या लेखी संमतीविना तो परतू शकत नाही. 2014 पर्यंत सर्व 50 राज्यांत या विषयावर कायदे झाले. परतीचा मार्गही हलक्या व्यायामापासून पूर्ण सरावापर्यंत पायऱ्यापायऱ्यांचा असून एका पायरीवर किमान चोवीस तास थांबायचे असते. डोकेदुखी, प्रकाशाचा त्रास किंवा खेळ्या न आठवणे ही लक्षणे दडवणारा खेळाडू जागा वाचवत नाही. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर काय होऊ शकते, हे त्याला ठाऊक नसते इतकेच.

जागा अभ्यासातील गुणांमुळेही जाऊ शकते; हा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. टेक्सासने 1984 मध्ये ‘नो पास, नो प्ले’ हा नियम आणला, म्हणजे विषयात नापास होणाऱ्याला ठरावीक काळ खेळता येत नाही. पर्मियनला 1988 च्या उपांत्य फेरीत हरवून पुढे राज्यविजेता ठरलेल्या डॅलसच्या कार्टर हायस्कूलचे विजेतेपद एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून झालेल्या वादात अखेर काढून घेण्यात आले.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या जगाची ओळख बहुधा मुलामार्फतच होते, आणि गुणवत्ता यादीच्या संस्कारात वाढलेल्या पालकांना डेप्थ चार्ट हीदेखील तशीच यादी वाटते, जिच्याविरुद्ध फेरतपासणीचा अर्ज करता येईल. तसा अर्ज येथे चालत नाही. कोणाला किती वेळ खेळवायचे यावर पालकांशी चर्चा करणार नाही, असे अनेक प्रशिक्षक मोसमाच्या आरंभीच सांगून टाकतात आणि इतर तक्रारींसाठीही सामन्यानंतर चोवीस तास थांबण्याची अट घालतात. खेळाडूने स्वतः जाऊन विचारलेल्या प्रश्नाला मात्र सहसा उत्तर मिळते, विशेषतः त्याने ‘मला का खेळवत नाही’ असे न विचारता, पुढच्या आठवड्यात आपल्या खेळातील कोणती गोष्ट सुधारलेली पाहायला आवडेल, असे विचारले तर. हा प्रश्न विचारण्याची वेळही महत्त्वाची आहे. अनेक शाळांत बारावीच्या विद्यार्थ्याला दुय्यम संघात खेळवत नाहीत, म्हणजे त्या वर्षी मुख्य संघात डेप्थ चार्टवर तिसरा असलेला मुलगा सामन्यांपासून जवळपास पूर्णपणे दूर राहतो. म्हणून जागा बदलायची, स्पेशल टीम्सकडे वळायचे की वसंतातील मैदानी स्पर्धांसाठी तयारी करायची, याचा विचार बारावीच्या ऑगस्टमध्ये नव्हे, तर अकरावीचा मोसम संपताच प्रशिक्षकांसमोर बसून करावा लागतो.